शेवंतीला हवा अंधार : कुंडीत पाने भरपूर, मग कळ्या का येत नाहीत?

दिवाळी संपून मार्गशीर्ष तोंडावर आला की बागकामाची हौस असलेल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. शेवंतीचे झाड कमरेएवढे झाले आहे, पाने हिरवीगार आहेत, मावा नाही की मर नाही, पण कळी म्हणाल तर एकही नाही. शेजारच्या अंगणात, त्याच मातीत, त्याच झाडाचा फुटवा नेऊन लावलेली शेवंती मात्र पिवळीजर्द फुललेली असते. मग खत कमी पडले असेल, नर्सरीवाल्याने नर झाड गळ्यात मारले असेल, कुणाची तरी नजर लागली असेल, असे तर्क सुरू होतात. शेवंतीत नर झाड आणि मादी झाड असा प्रकारच नाही, त्यामुळे तो तर्क तिथेच संपतो. खताचा विषय पुढे येईलच. पण बऱ्याच घरांत खरे कारण कुंडीच्या डोक्यावर टांगलेले असते. गॅलरीतला दिवा, गेटवरचा एलईडी, किंवा नगरपालिकेने कंपाउंडला लागूनच उभा केलेला खांब.

गोव्यात शेंवतीं, बेळगाव-धारवाडकडे कन्नडमध्ये सेवंतिगे, हैदराबादेत तेलुगू शेजाऱ्यांची चामंती, इंदूर-ग्वाल्हेरात गुलदाउदी. नावे निरनिराळी असली तरी झाड एकच, आणि त्याचा स्वभावही एकच. हा स्वभाव कळला की शेवंती हे कुंडीतल्या सोप्या झाडांपैकी एक आहे. तो नाही कळला तर वर्षभराची मेहनत केवळ पाला वाढवण्यात जाते.

रात्र मोजणारे झाड

झाडाला फूल कधी येते, याचे उत्तर पूर्वी ऊन, पाणी आणि खत एवढ्यावरच दिले जायचे. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी 1920 साली एक वेगळीच गोष्ट प्रसिद्ध केली. तंबाखूचा एक वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढत राहायचा, फुलायचाच नाही. हिवाळ्यात काचघरात तोच वाण लहान असतानाच फुलायचा. तापमान, ओल, खत सगळे तपासून झाले आणि शेवटी उरली ती दिवसाची लांबी. उन्हाळ्यातच ती झाडे रोज काही तास अंधाऱ्या खोपटात ठेवली, तर फुले आली.

पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवून दिले की झाड दिवस मोजत नाही, रात्र मोजते. त्यांनी प्रयोगासाठी घेतलेली वनस्पती आपल्याकडे रस्त्याकडेला, गावकुसाबाहेर कुठेही दिसते. काटेरी फळे धोतराला, साडीला चिकटतात ते शंकेश्वर. (बेळगाव जिल्ह्यातल्या त्या गावाचा आणि या प्रयोगाचा संबंध नाही, नाव तेवढे जुळते.) लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड पाडला की हे झाड फुलायचे थांबायचे. दिवसाच्या मध्यावर थोडा वेळ अंधार केला तर मात्र काहीच फरक पडायचा नाही.

शेवंती याच गटातली. सलग अंधाराची लांबी एका मर्यादेपलीकडे गेली की शेंड्याची वाढ पानांकडून कळीकडे वळते. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते, ते लाल प्रकाश ओळखते. रात्री मध्येच उजेड पडला की या रंगद्रव्याचे रूप बदलते आणि झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. मग त्याला वाटते, अजून उन्हाळाच आहे, वाढत राहावे. ते वाढत राहते.

किती तासांची रात्र लागते, हे जातीवर आहे. लवकर फुलणाऱ्या जाती थोड्या लांब रात्रीतही कळी धरतात, उशिरा येणाऱ्या गावठी जातींना बरीच लांब रात्र लागते. बेळगावात 21 जूनच्या सुमारास दिवस साधारण 13 तासांचा असतो आणि डिसेंबरअखेर तो 11 तास 10 मिनिटांच्या आसपास येतो. ग्वाल्हेर उत्तरेला असल्यामुळे तिथे हा फरक मोठा आहे. जूनमध्ये पावणेचौदा तास, डिसेंबरात साडेदहा. म्हणूनच एकाच झाडाच्या दोन फुटव्यांपैकी एक बेळगावात राहिला आणि एक मुलीबरोबर ग्वाल्हेरला गेला, तर दोघांचा फुलण्याचा आठवडा एकच असेल असे नाही. कुणाचा हातगुण वाईट म्हणून असे होत नाही.

शेतात दिवे कशाला लावतात?

बेंगळुरूच्या उत्तरेला दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर भागात रात्री गाडीने जाताना पिवळ्या दिव्यांनी लखलखलेली शेते दिसतात. नवख्या माणसाला लग्नाचा मांडव वाटावा इतका उजेड. ही शेवंतीचीच शेते. दक्षिणेकडे दिवस मुळातच फार लांब नसतो, त्यामुळे काही जाती रोप लहान असतानाच कळी धरतात. झाड वीतभर, फुले चार. शेतकरी रात्री काही तास दिवे लावून झाडाला थोपवून धरतो, त्याची उंची वाढू देतो, फांद्या वाढू देतो, आणि सणाची तारीख मागे मोजून एके दिवशी दिवे बंद करतो. त्यानंतर जातीनुसार साधारण 7 ते 11 आठवड्यांत फूल हाती येते.

तिथला शेतकरी वीजबिल भरून जे मुद्दाम करतो, तेच शहरातल्या घरात नकळत, फुकट होऊन जाते. फरक एवढाच की शेतकरी वेळेवर बटण बंद करतो. गॅलरीतला दिवा कोणी बंद करत नाही, आणि रस्त्यावरचा बंद करणे कोणाच्या हातात नसते.

गेल्या काही वर्षांत हा त्रास वाढलेला दिसतो, तो उगीच नाही. गावोगावी पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. घरोघरी सीसीटीव्हीबरोबर रात्रभर जळणारा दिवा आला. एलईडीला वीज कमी लागते म्हणून तो विझवण्याची सवयही गेली. पूर्वी अंगणातला चाळीसचा बल्ब आजी झोपताना आठवणीने बंद करायची. शेवंती फुलायची त्यात या काटकसरीचाही वाटा होता.

आपल्या कुंडीवर उजेड पडतो का, हे कसे ओळखावे?

सर्वात सोपी खूण झाडच देते. दिव्याकडची बाजू नुसती पानांची आणि पलीकडची, भिंतीच्या सावलीतली बाजू कळ्यांची, असे अर्धे-अर्धे झाड दिसले तर दुसरे कारण शोधण्याची गरज नाही.

झाड अजून काहीच सांगत नसेल तर रात्री दहा वाजता कुंडीजवळ वर्तमानपत्र धरून पाहावे. बातमीची अक्षरे सहज वाचता येत असतील, तर तेवढा उजेड रोज रात्रभर पडणे शेवंतीला महागात पडू शकते. नुसते मथळे दिसत असतील तर फारशी काळजी नको. पौर्णिमेच्या चांदण्याने काही होत नाही, ते यापेक्षा कितीतरी क्षीण असते. पाणी घालायला जाताना मोबाइलची बॅटरी क्षणभर लावली तरी काही बिघडत नाही.

उपाय पहिला आणि सर्वात चांगला: कुंडी उचला. सप्टेंबरपासून ती अशा जागी ठेवा, जिथे दिवसा पाच-सहा तास ऊन आणि रात्री काळोख असेल. गच्चीचा मागचा कोपरा, परसातली विहिरीकडची बाजू, पाण्याच्या टाकीची आडोशाची जागा. जमिनीत लावलेली शेवंती उचलता येत नाही, म्हणून शहरात शेवंती कुंडीतच बरी.

जागाच नसेल तर झाकावे लागते. संध्याकाळी अंधार पडला की वर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालायचे किंवा काठ्या रोवून काळे जाड कापड टाकायचे, आणि सकाळी ऊन येण्याआधी काढायचे. दुपारी चार-पाचलाच झाकू नये, आत उकाडा साठतो आणि उष्णतेनेही शेवंतीची कळी अडते. हे रोज करावे लागते. चार दिवस केले आणि रविवारी लग्नाला गेलो म्हणून राहिले, असे वारंवार झाले तर कळ्या पुन्हा रेंगाळतात. साधारण तीन-चार आठवड्यांत शेंड्याला वाटाण्याहून लहान कळ्या दिसू लागतात. त्यांना रंग दिसेपर्यंत झाकणे चालू ठेवावे. रंग दिसला की मग कुंडी कुठेही आणा, अगदी दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली ठेवली तरी फूल उमलायचे थांबत नाही.

तिसरा उपाय कुणाला सुचत नाही, तो म्हणजे दिव्याला टोपी. गेटवरचा दिवा खाली, पायरीवर पडला पाहिजे, बागेत कशाला? पत्र्याचा एक तुकडा वाकवून लावला तरी भागते.

काशी, छाट आणि शेंडा खुडणे

शेवंती बियांपासून लावण्याच्या फंदात घरी पडू नये. आईसारखी लेक त्यातून मिळत नाही. फूल संपल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत सुकलेले दांडे जमिनीपासून वीतभर ठेवून कापले की बुंध्याभोवती कोवळे फुटवे वर येतात. शेतकऱ्यांच्या बोलीत याच काश्या. मुळासकट वेगळ्या करून छोट्या कुंड्यांत लावल्या की नवे झाड तयार. एका जुन्या कुंडीतून पाच-सात काश्या सहज मिळतात, म्हणून शेवंती कधी विकत घ्यावी लागत नाही असे जुन्या बायका म्हणायच्या. माहेरून सासरी, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून ती एसटीने गेलेली आहे.

मात्र जुने झाड तसेच वर्षानुवर्षे त्याच कुंडीत ठेवणे चुकीचे. मध्यभाग लाकडी होतो, फुले बारीक पडतात, रोगही त्यातच साठतात. दरवर्षी नवी काशी किंवा नवी छाट, हा नियम पाळावा.

या दोन्हींत छाट अधिक निरोगी निघते, कारण ती मातीला न टेकलेल्या शेंड्यापासून घेतली जाते. मे-जूनमध्ये कळी नसलेला, बोटाएवढा कोवळा शेंडा कापावा, खालची पाने काढावीत आणि ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये सावलीत रोवावा. दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. मग आठ ते दहा इंची कुंडी. माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट सारख्या प्रमाणात. तळाचे भोक मोकळे आहे ना, हे बोट घालून पाहावे, कारण शेवंती उन्हाने मरते त्यापेक्षा साचलेल्या पाण्याने जास्त मरते.

रोप लावून महिना झाला, सात-आठ पाने आली, की शेंडा खुडायचा. नखाने टोकाचे दोन पानांचे टिकले काढले की झाले. त्याखालून तीन-चार फांद्या फुटतात. तीन-चार आठवड्यांनी त्यांचेही शेंडे खुडायचे. एका दांड्याचे झाड असे डेरेदार होते. जीव होत नाही म्हणून शेंडा न खुडणारी माणसे शेवटी काठीला बांधलेली एक लांब शेवंती आणि तिच्या टोकाला तीन फुले घेऊन बसतात.

पण खुडण्यालाही तारीख आहे. ऑगस्टअखेर हात आवरावा, फार तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. दिव्याखालोखाल कळ्या न येण्याचे कारण हेच: हौशी माणूस ऑक्टोबरातही शेंडे खुडत राहतो आणि पानांसोबत न दिसणाऱ्या कळ्याही खुडून टाकतो.

आता खत. लावल्यापासून ऑगस्टपर्यंत पंधरा दिवसांनी शेणखताचे किंवा पेंडीचे पातळ पाणी चालते. सप्टेंबरनंतर युरिया आणि तत्सम नत्राची खते बंद. कळी येत नाही म्हणून आणखी युरिया टाकणे म्हणजे पानांनाच आणखी जेवण वाढणे. मोठे एकच फूल हवे असेल तर प्रत्येक फांदीवर मधली कळी ठेवून बाजूच्या काढाव्यात. वेणी-गजऱ्याच्या छोट्या शेवंतीला याची गरज नाही, तिथे जितकी फुले तितकी बरी.

गोव्याचा पाऊस, ग्वाल्हेरची थंडी

वरचे वेळापत्रक बेळगावच्या हवेला बरोबर बसते. उंचावरचे गाव, रात्री गार, ऑक्टोबरनंतर कोरडी हवा. खरी परीक्षा इतरत्र.

गोव्यात आणि तळकोकणात जून ते सप्टेंबर शेवंती जगवणे हेच मुख्य काम. उघड्यावर ठेवलेली कुंडी महिनाभरात कुजते. पागोळीच्या आत पण उजेडाच्या जागी, कौलांच्या कडेला, विटेवर उचलून ठेवावी म्हणजे तळातून पाणी निघून जाते. मातीत वाळूचा वाटा वाढवावा. पाने एकमेकांना चिकटणार नाहीत इतके अंतर हवे, नाही तर खालच्या पानांवर काळे-तपकिरी ठिपके सुरू होऊन वर चढतात. अशी पाने दिसताक्षणी काढून जाळावीत, कुंडीतच टाकू नयेत. समुद्राकाठी रात्री फारशा गार होत नाहीत, त्यामुळे फुले बेळगावपेक्षा थोडी उशिरा येतात.

हैदराबाद आणि वडोदऱ्यात त्रास एप्रिल-मेचा. काश्या दुपारच्या उन्हात ठेवल्या तर करपतात. हिरव्या जाळीखाली किंवा आंब्याच्या, कढीलिंबाच्या सावलीत त्यांना उन्हाळा काढू द्यावा. वडोदऱ्यात ऑक्टोबर हीटमध्ये कळी अडकून बसल्यासारखी वाटते. तिथे घाई न करता नोव्हेंबरच्या गार रात्रींची वाट पाहावी.

इंदूरची काळी माती शेतात सोने असेल, कुंडीत मात्र ती पावसात चिखल आणि उन्हात दगड होते. निम्म्याहून कमी घ्यावी आणि बाकी वाळू-शेणखत. ग्वाल्हेरात डिसेंबर-जानेवारीत धुके आणि कडाका. झाड त्यात मरत नाही, पण उमललेली फुले दवाने तपकिरी पडतात. रात्री व्हरांड्यात घ्यावीत, तिथे दिवा असला तरी आता हरकत नाही.

एक गोष्ट पंचांगाचीही. इंदूर-ग्वाल्हेरात शेजारपाजारचा अगहन आपल्या मार्गशीर्षाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो. शेजारणीच्या आणि आपल्या पूजेसाठी एकाच कुंडीतून फुले पुरवायची असतील तर एक लवकरची आणि एक उशिराची अशा दोन जाती ठेवलेल्या बऱ्या.

काळा मावा आणि इतर पाहुणे

कळ्या दिसू लागल्या की त्यांच्या मानेवर चमकदार काळ्या बारीक किडी गर्दी करतात. हा शेवंतीचा खास मावा. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेच धुऊन टाकावा. नाहीच आटोपला तर एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि दोन-चार थेंब साबणाचे पाणी, संध्याकाळी फवारावे. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर ती नागअळी. तेवढी पाने खुडली की काम भागते. झाड एकाएकी कोमेजले आणि माती ओली असेल तर पाणी घालू नये. ती मर आहे, आणि पाण्याने ती वाढते. वरचे निरोगी शेंडे कापून छाटा लावून घ्याव्यात, उरलेले मातीसकट टाकून द्यावे.

काहींना शेवंतीचा पाला हाताळल्यावर खाज सुटते, पुरळ उठतो. फुलवाल्यांच्या हातांना हा त्रास होताना दिसतो. अशांनी हातमोजे घालावेत. घरात मांजर-कुत्रे पाला चघळणारे असेल तर कुंडी उंचावर ठेवावी, त्यांना ती बाधते.

नर्सरीतली गोल कुंडी

डिसेंबरात नर्सरीत दिसणारी घुमटासारखी, वीतभर उंचीची, फुलांनी झाकलेली शेवंती पाहून मोह होतोच. घ्यायला हरकत नाही, पण तिला मोठी करताना रोज ठरावीक तास अंधार दिलेला असतो आणि उंची रोखणारे औषधही दिलेले असते. पुढच्या वर्षी घरी ती दुप्पट उंच झाली, घुमट राहिला नाही, तर ती बिघडली असे समजू नये. ती मूळ रूपात आली. विकत घेताना सगळी फुले उमललेली कुंडी टाळून अर्ध्या कळ्यांची घ्यावी. कळ्या मात्र रंग दिसणाऱ्या हव्यात, पक्क्या हिरव्या नकोत, त्या घरच्या उजेडात अडू शकतात.

ही शेवंती घरातली हवा शुद्ध करते असेही विकताना सांगतात. नासाच्या 1989 सालच्या अभ्यासात शेवंती होती, हे खरे. पण ते प्रयोग बंद पेटीत झाले होते. दारे-खिडक्या असलेल्या घरात खिडकी उघडणे हाच त्याहून मोठा उपाय. दहा रुपये जास्त द्यायचेच असतील तर हवेसाठी देऊ नयेत, फुलासाठी द्यावेत.

वेणी-गजऱ्यासाठी झाड हवे असेल तर नर्सरीच्या ताटाएवढ्या फुलांच्या मागे लागण्यापेक्षा झिप्री, रेवडी, सोनाली तारा यांसारख्या जुन्या जाती किंवा गल्लीत कुणाकडे वर्षानुवर्षे टिकलेली शेवंती शोधावी. त्या हवेला सरावलेली ती काशी कोणत्याही कॅटलॉगपेक्षा भरवशाची. मागायची वेळ फेब्रुवारी, त्यांच्याकडे फुले तोडून झाल्यावर. आणि ती कुंडी त्यांच्याकडे रात्री कुठे असते, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.